पाहुणे येणार म्हणून मी काच पुसली

काचेपल्याड : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून तिरपं आत यायला लागलं, की माझ्याकडची निम्मी पत्रं हिरवी होतात. यंदाही तेच. शब्द निराळे, प्रश्न एकच : शेवाळ खाणारा कुठला मासा आणू? मी ३१ वर्षं साताऱ्यात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. प्रयोगशाळेतली एक टाकी आणि घरातल्या तीन, एवढ्यांत हात भिजवून जे कळलं ते सांगते.

प्रश्न : दोन फुटी टाकीत तीन गोल्डफिश आहेत. काच हिरवी व्हायला लागली तेव्हा दुकानदाराने ‘क्लिनर’ म्हणून दोन इंची काळपट मासा दिला. वर्षभरात तो आठ इंच झालाय. काच आता चाटत नाही, पण रात्री गोल्डफिशला जाऊन चिकटतो. एकाच्या कुशीवर पांढुरका चट्टा पडलाय. याला तलावात सोडून दिलं तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही बादली उचललेली असेल.

तुमच्याकडे आलाय तो सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. दुकानात तो दोन इंचांचा असतो, कारण ते पिल्लू असतं. पुरता वाढला की फूट-दीड फूट. तुमची टाकी दोन बाय एक बाय एक फूट असेल तर काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, खडी-दगड वजा जाता पन्नासच्या आतच. एवढ्या पाण्यात तीन गोल्डफिशचीच दाटी आहे. सकर लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की तळाशी पडलेले दाणे त्याला जास्त सोपे पडतात, आणि तेही पोटभर मिळाले नाहीत की संथ, रुंद अंगाच्या गोल्डफिशवरचा बुळबुळीत थर ओरपायला लागतो. तुमच्या माशाचा चट्टा त्याचाच. शिवाय त्याच्या विष्ठेच्या लांबच लांब दोऱ्या तुम्ही पाहिल्या असतीलच. त्या विरघळतात आणि शेवाळाला खत होतात. चोराला पहाऱ्यावर ठेवल्यासारखं झालं हे.

आता तलावाचं. असेच कुणी कुणी ‘बिचाऱ्याला जीवदान’ म्हणून सोडलेले आणि मत्स्यशेतीतून निसटलेले सकर आज उजनीच्या पाण्यात आहेत, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीतही आहेत. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो आणि मरता मरत नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, ते जास्त मोकळ्या शब्दांत सांगतील.

त्याला दुकानात परत द्या. फुकट द्यावा लागला तरी द्या. किंवा चार-पाच फुटी टाकी असलेला कुणी शोधा. त्याच्या जागी नवीन काही आणू नका. गोल्डफिशच्या टाकीत काच साफ करायला सगळ्यात गुणी प्राणी म्हणजे मुदत संपलेलं एटीएम कार्ड. आठवड्यातून एकदा काचेवरून खालून वर ओढा, सुटलेलं शेवाळ नळीने ओढून घ्या, चौथा हिस्सा पाणी बदला. चट्टा पाणी स्वच्छ राहिलं तर आपोआप भरून येतो. त्यावर कापूस पिंजल्यासारखं काही दिसलं तरच औषधाचा विचार करा.

प्रश्न : टाकी नवीन आहे, दीड महिन्याची. तीन फुटी, जिवंत झाडं, कुठे डाग नाही. इंटरनेटवर वाचून शेवाळ खाणारे सहा ओटो मासे आणले. आठवड्यात चार गेले. पाणी तपासलं, अमोनिया शून्य. माझं काय चुकलं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘कुठे डाग नाही’ हेच.

माझी गोष्ट ऐका. २००९ च्या दिवाळीत पुण्याहूनच पाच ओटो आणले होते. दीड इंचाचा इवलासा मासा, कुशीवरून काळी रेघ, खाली चकतीसारखं तोंड. इतके दिवस चित्रात पाहिलेला. ते येणार म्हणून आदल्या रात्री मी टाकीच्या चारही काचा आतून लख्ख पुसल्या, दगड ब्रशने घासले, लाकूड उकळून काढलं. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. अकराव्या दिवशी पाचवा गेला. सवयीने त्याला ट्रेमध्ये घेतलं आणि पोट उघडून भिंगाखाली धरलं. शेवाळ खाणाऱ्या माशाचं आतडं लांबलचक असतं, जिलबीसारखं गुंडाळी करून बसलेलं. याचं होतं, पण रिकामं, ओल्या शिवणदोऱ्यासारखं. पाहुण्यांच्या स्वागताला मी त्यांचं ताट धुऊन, पुसून, उचलून ठेवलं होतं.

बाजारातले ओटो बहुतेक नदीतून पकडलेले असतात, ब्राझील-पेरूकडून आलेले. पकडणाऱ्यापासून विमान, घाऊक व्यापारी, मग आपल्या गावचं दुकान, या सगळ्या वाटेवर त्यांना जवळजवळ काही खायला मिळत नाही. दुकानातल्या रिकाम्या काचेच्या डब्यात तर नाहीच. त्यांच्या आतड्यात शेवाळ पचवणारे जिवाणू असतात, ते उपासात मरतात, आणि मग पुढ्यात खाणं आलं तरी अंगी लागत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात इतके जातात. तुमच्या चारांपैकी काही कदाचित दुकानातच अर्धे मेलेले असतील. तेवढा दोष तुमचा नाही.

पुढच्या वेळी दुकानात हे करा. मासा काचेला चिकटला की समोरून त्याचं पोट दिसतं. ते भिजवलेल्या पावट्यासारखं फुगीर हवं. आत ओढलेलं, दोन्ही बाजूंनी खळगा पडलेला असेल, तर कितीही दया आली तरी आणू नका. माल कधी आला विचारा. काल आलाय म्हणाले तर पैसे देऊन बाजूला ठेवायला सांगा आणि आठ दिवसांनी जा. जे त्यातून तगले ते तुमचे. दुकानदार कुरकुर करेल, माझ्याशीही करायचा. तिसऱ्या खेपेपासून स्वतःच ‘मॅडम, आज नका नेऊ’ म्हणायला लागला.

घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग तासभर थोड्या थोड्या वेळाने टाकीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासा तेवढा जाळीने घ्यायचा.

टाकी मात्र तीन-चार महिन्यांची तरी मुरलेली हवी. अमोनिया शून्य म्हणजे पाणी विषारी नाही, एवढंच. ओटोला त्यात जेवण आहे का हा प्रश्न वेगळा. नव्या टाकीच्या काचेवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तपकिरी भुकटीसारखा थर येतो, बोट फिरवलं की निघतो. लोक घाबरून तो पुसतात. ते डायॅटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, ओटोचं पक्वान्न. मागची आणि एका बाजूची काच कधीच पुसायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. समोरची पुसा, पाहुण्यांना दिसायला.

आणि दगड लावा. माझा सगळ्यात जुना उपाय, दहीवड्याइतकाच घरगुती. गॅलरीत प्लॅस्टिकच्या घमेल्यात नदीतले सात-आठ चपटे गोटे, वर पाणी बदलताना निघालेलं टाकीतलंच जुनं पाणी, ऊन दिवसाचं चार-पाच तास. आठ-दहा दिवसांत गोट्यांवर हिरवी मखमल चढते. दोन गोटे टाकीत ठेवायचे. ओटो अर्ध्या तासात त्यावर बसतात आणि दुसऱ्या दिवशी गोटा असा निघतो की वाटावं तव्यावरची खरपुडी कुणी उलथन्याने काढली. चाटलेला गोटा परत घमेल्यात, दुसरा आत. घमेल्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून दोरीने बांधा. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात आणि तपासणीला आलेल्या माणसाला ‘ओटोंसाठी आहे’ हे पटत नाही. मला नाही पटवता आलं.

गोटे हिरवे होईपर्यंत काकडी. साल काढून बोटभर जाडीची चकती, उकळत्या पाण्यात मिनिटभर, गार करून काट्याच्या चमच्याला खोचून तळाशी. दुधीही चालतो, पालकाचं पान त्याहून लवकर स्वीकारतात. पहिले दोन दिवस ढुंकून बघणार नाहीत. रात्री ठेवा, सकाळी काढा. उन्हाळ्यात विसरलात तर दुपारपर्यंत पाणी दुधाळ होईल. आमच्या घरी सहा काट्यांपैकी दोन कायम गायब असतात आणि यजमान ते बरोबर कुठे शोधायचे हे शिकलेत.

उरलेल्या दोन ओटोंचं आधी पोट भरा. दोघांनाच फार काळ ठेवू नका, हा कळपातला मासा आहे; सहाच्या आसपास असले की दिवसाढवळ्या बाहेर येतात. पण नवे चार आणायची घाई नको, थंडी सरल्यावर आणा. यांना २२ ते २६ अंश मानवतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये टाकीवर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, तेवढं पुरतं.

प्रश्न : टाकीतलं पाणीच हिरवं झालंय, मूगडाळीच्या पाण्यासारखं. कुठला मासा हे खाईल?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कुठलाच नाही. ते पाण्यात तरंगणारं एकपेशी शेवाळ आहे, चाटणाऱ्याच्या तोंडात ते सापडत नाही. टाकी खिडकीजवळून हलव. जाड चादर गुंडाळून चार दिवस पूर्ण अंधार, हवेचा पंप चालू, खाणं बंद. मासे चार दिवसांच्या उपासाने मरत नाहीत, खोलीतले मित्र ‘एक दाणा टाकतो’ म्हणून चादर उचलतात त्याने उपाय मरतो. नंतर तिसरा हिस्सा पाणी बदल आणि दिवा दिवसातून सहा-सात तासच. हॉस्टेलवर दिवा रात्रभर चालू राहत असेल अशी माझी शंका आहे, टायमर घे.

प्रश्न : अॅन्युबियसच्या पानांच्या कडेला आणि लाकडावर काळ्या दाढीसारखे झुपके आलेत. ओढले तरी निघत नाहीत. सियामीज अल्गी ईटर खातो असं कळलं, म्हणून दोन आणले. ते तर खाली बसून दाणेच खातात. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचा काही संबंध?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पाण्याचा संबंध थोडा, माशाच्या ओळखीचा जास्त. या एका नावाखाली दुकानात चार वेगळे मासे खपतात, आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत असतोच असं नाही. आज संध्याकाळी दिवा लावून त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसा.

काळा पट्टा तोंडापासून निघून शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जात असेल, पट्ट्याची कड करवतीसारखी दातेरी असेल आणि बाकीचे पर पारदर्शक असतील, तर तो खरा सियामीज. पट्टा शेपटीच्या मुळाशी थांबला तर तो त्याचा तोतया. पट्ट्याच्या वर झळझळीत सोनेरी रेघ आणि परांत काळ्या-पांढऱ्या कडा असतील तर फ्लाइंग फॉक्स. दिसायला देखणा, स्वभावाने भांडखोर, काळ्या झुपक्यांशी त्याला देणंघेणं नाही. आणि तोंड खाली, चूषकासारखं, काचेला चिकटून राहतो, कधी अख्खा पिवळाधमक, तर तो चायनीज अल्गी ईटर. हा निघाला तर परत करा. लहानपणी गरीब असतो, पुढे नऊ-दहा इंच होतो आणि डोंबिवलीच्या सकरसारखाच दुसऱ्यांच्या अंगाला लागतो.

खरा सियामीज असेल, तरी तोही माणसासारखाच. आयतं मिळालं की कष्ट करत नाही. तीन दिवस दाणे बंद करा, मग आठवडाभर निम्मे. मोठा झाल्यावर आणखी आळसतो. सहा इंचांच्या घरात जातो, तीन फुटांच्या खालची टाकी त्याला अपुरी. उडी मारतो, झाकण हवंच. आमचा एक कपाटामागे वाळलेला सापडला, वास येईपर्यंत कळलं नाही.

त्याला मदतही करा. लाकूड आणि अॅन्युबियस बाहेर काढा. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड जुन्या ब्रशने फक्त झुपक्यांवर लावा, तीन-चार मिनिटं थांबा, स्वच्छ पाण्याखाली धरा, परत ठेवा. मॉस असेल तर त्याला लावू नका, जळतं. दोन दिवसांत काळे झुपके गुलाबी होतील, आणि जे मासे काळ्याकडे बघत नव्हते ते गुलाबी ओरबाडून खातील. तोवर फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्या, कारण हे झुपके साचलेल्या घाणीवर पोसतात. नळाखाली स्पंज धुऊ नका, क्लोरीनने चांगले जिवाणू जातील. तुमचं बोअरचं असलं तरी सवय लावून घ्या.

जड पाणी सियामीजला चालतं. फक्त त्यात काचेवर जो पांढरा थर बसतो तो शेवाळ नाही, क्षार आहेत. त्यासाठी मासा मागू नका, लिंबाची फोड चोळा, अर्थात पाण्याच्या वरच्या भागात.

प्रश्न : मासा नको, गोगलगाय किंवा कोळंबी ठेवली तर? घरी एक फुटी टाकी आहे, चार गप्पी आहेत.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : तुमचा विचार मला सगळ्यात आवडला. एक फुटी टाकीत ओटोसुद्धा नको. दोन नेराइट गोगलगायी आणा. काचेवरचे ते घट्ट हिरवे ठिपके, जे ओटोलाही निघत नाहीत, त्या घासून काढतात. पिल्लांनी टाकी भरत नाहीत, कारण त्यांच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागतं. मात्र लाकडावर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवतात. ज्यांना सगळं नीटनेटकं लागतं त्यांना ते खुपतं. कोकणातलं विहिरीचं पाणी मऊ, त्यात शंख झिजून पांढरे खड्डे पडतात. तुम्हाला उपाय किनाऱ्यावर फुकट आहे : माकुळाचं पांढरं हाड, समुद्रफेन. चार-पाच दिवस गोड्या पाण्यात बदलून बदलून भिजवा, खारटपणा गेला की नखाएवढा तुकडा टाकीत.

कोळंबी म्हणजे अमानो. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने १९८० च्या दशकात झाडांच्या टाक्यांत शेवाळ खायला ती वापरली आणि नावच चिकटलं. तंतूसारखं शेवाळ ती मन लावून वेचते, पण एक फुटी टाकीत उन्हाळ्यात पाणी तापतं, त्यात टिकणं अवघड. तुमचे गप्पीही दिवसभर थोडं थोडं शेवाळ टोचत असतात, त्यांना कमी लेखू नका.

माशांना पांढरे ठिपके आले आणि दुकानातून औषध आणलंत, तर बाटलीवर कॉपर किंवा तांबं लिहिलंय का बघा. असेल तर गोगलगायी आधी बाहेर. माशाला बरं करणारं तांबं त्यांना मारतं.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. कोयनेत पोहायला गेलो की पायाला छोटे मासे चावतात. काही मासे दगडाला चिकटून दगड चाटतात. ते आणून टाकीत ठेवले तर शेवाळ खातील का? बाबा म्हणाले मावशींना विचार.
— कराडचा एक वाचक

उत्तर : तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. शाबास, तू जो पाहिलास तो बहुतेक मल्या. त्याच्या हनुवटीखाली एक मांसल चकती असते, तिने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडतो. विल्यम सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे फिरला, त्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं आणि १८३९ मध्ये या माशाला शास्त्रीय नाव देताना इथल्याच बोलीतलं नाव उचललं. म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याला गारा मुल्या म्हणतात. मोठ्या शहरांत पायाची कातडी खायला मासे ठेवतात ना, पैसे घेऊन? ते तुर्कस्तानकडचे गारा. याच्याच गोत्रातले, म्हणजे तुझ्या पायाशी येणारे त्यांचे चुलतभाऊ असतील.

शेवाळ तो नक्की खाईल. पण त्याला पाणी धावतं लागतं, गार आणि हवेने भरलेलं. टाकीतलं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ते बसलेलं. मी १९९२ मध्ये कॉलेजच्या टाकीसाठी तीन आणले होते, कृष्णेतून, ओल्या फडक्याने झाकलेल्या डब्यात. तिघेही फिल्टरच्या धारेखाली जाऊन उभे राहायचे. दिवसरात्र तिथेच, तोंड धारेकडे करून. दुसऱ्या रविवारी मी त्यांना जिथून आणलं तिथेच परत नेऊन सोडलं. तेव्हा आमचे सर रागावले होते, कारण परीक्षेला दाखवायला मासे उरले नाहीत.

तू असं कर. जानेवारीत पाणी निवळशंख होतं, तेव्हा बाबांना घेऊन जा. एकटा नको, धरणातून पाणी सोडलं की नदी सांगून वाढत नाही. गुडघाभर पाण्याच्या काठच्या खडकावर पालथा झोप, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धर म्हणजे चकाकी जाईल. दहा मिनिटं हलायचं नाही. मग दगडावरच्या हिरव्या थरात करंगळीच्या रुंदीचे फिके पट्टे दिसतात का बघ, ते त्यांनी खरवडलेले. किती लांब आहेत, सगळे एकाच दिशेला आहेत का, ते वहीत काढ आणि मला पाठव. माझं उत्तर आधी सांगत नाही.